विश्लेषण : बोंडअळी, सिकलसेल आणि इंदूरचे ‘इंडस-२’! प्रथिनांचा नकाशा काढणाऱ्या यंत्राशी मराठवाड्याचा संबंध काय?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार म्हटल्यापासून नांदेड, मुदखेड, वसमत या पट्ट्यात मोठ्या विज्ञान प्रकल्पांची चर्चा होऊ लागली आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तो उभारणाऱ्या संस्थांमध्ये इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे, म्हणजे ‘आरआरकॅट’चे नाव आहे. याच आरआरकॅटच्या आवारात देशातील सर्वात मोठे सिंक्रोट्रॉन गेली दोन दशके चालू आहे. लायगो-इंडियाची पहिली लहर टिपली जायला अजून बरीच वर्षे जातील. इंदूरचे यंत्र मात्र आज वापरता येते आणि तिथे ज्या प्रश्नांचा अभ्यास होऊ शकतो, त्यातले काही प्रश्न थेट मराठवाड्याच्या शेतात आणि दवाखान्यात आहेत.

सिंक्रोट्रॉन म्हणजे नेमके काय?

इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळत असताना चुंबकाने त्यांना वळण घ्यायला लावले की ते वळणावर ऊर्जा फेकतात. ही ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते आणि यंत्र पुरेसे ताकदवान असेल तर त्या प्रकाशात क्ष-किरणही असतात. रात्री घाटातल्या वळणावर गाडीच्या दिव्यांचा झोत जसा रस्ता सोडून सरळ दरीकडे जातो, तसा हा झोत कड्याला स्पर्श करून सरळ रेषेत बाहेर जातो. प्रत्येक झोतापाशी एक प्रयोगशाळा बांधतात. तिला बीमलाइन म्हणतात.

इंदूरला दोन कडी आहेत. ‘इंडस-१’ लहान. १९९९ मध्ये सुरू झालेला हा भारताचा पहिला सिंक्रोट्रॉन स्रोत, पण त्याचा प्रकाश प्रामुख्याने अतिनील पट्ट्यातला. ‘इंडस-२’चे कडे १७२.५ मीटर परिघाचे, म्हणजे चारशे मीटरच्या धावपट्टीच्या निम्म्याहूनही लहान. त्यात इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेली जाते. कड्याच्या लांबीने प्रकाशाच्या वेगाला भागले तर एक इलेक्ट्रॉन सेकंदाला १७ लाखांहून अधिक फेऱ्या मारतो, असे उत्तर येते. आतली नळी जवळपास पूर्ण निर्वात ठेवावी लागते, नाहीतर हवेच्या रेणूंवर आपटून इलेक्ट्रॉन काही क्षणांत संपतील.

दवाखान्यातल्या एक्स-रे यंत्रातही क्ष-किरणच असतात. मग एवढा खटाटोप कशाला? फरक प्रखरतेचा आणि निवडीचा आहे. सिंक्रोट्रॉनचा झोत कित्येक पटींनी प्रखर आणि बारीक असतो, शिवाय त्यातून हवी ती तरंगलांबी निवडता येते. प्रथिनांच्या कामाला या दोन्ही गोष्टी लागतात.

प्रथिनाचा आकार कळून काय होते?

शरीरातली बहुतेक कामे प्रथिने करतात आणि कोणते प्रथिन काय करणार हे त्याच्या आकारावर ठरते. कुलूप-किल्लीचे उदाहरण शाळेपासून सगळ्यांनी ऐकलेले असते. मराठवाड्यासाठी त्याहून जवळचे उदाहरण कापसाचे आहे.

बीटी कापसातले ‘बीटी’ म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. हा जिवाणू बीजाणू बनवताना आपल्या पेशीतच विषारी प्रथिनाचे स्फटिक तयार करतो. या प्रथिनांना ‘क्राय’ हे नाव मिळाले तेच ‘क्रिस्टल’ या शब्दावरून. निसर्गात प्रथिनाचा स्फटिक असा आयता क्वचितच मिळतो. अळीच्या पोटातल्या अल्कधर्मी रसात हे प्रथिन विरघळते, तिथली विकरे त्याचा काही भाग कापून टाकतात आणि उरलेला तुकडा आतड्याच्या भिंतीवरच्या ठरावीक प्रथिनांना जाऊन चिकटतो. मग भिंतीला छिद्रे पडतात आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात ती चिकटण्याची जागाच नसते.

२००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन क्राय प्रथिने असलेले वाण आले. २०१७ च्या हंगामात मात्र विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली ती याच दोन प्रथिनांना न जुमानता. त्याआधीच, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, भारतातील प्रतिकारक अळ्यांमध्ये कॅडहेरिन या आतड्यातल्या प्रथिनाच्या जनुकात बदल झाल्याचे दिसून आले होते. किल्ली तीच राहिली, अळीने कुलूप बदलले. बदललेले कुलूप कसे दिसते हे कळल्याशिवाय नवी किल्ली घडवणे म्हणजे अंधारात चाचपडणे. ‘नांदेड-४४’सारखा एके काळी देशभर गाजलेला संकरित वाण ज्या जिल्ह्याच्या कापूस संशोधन केंद्राने दिला, त्या जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही.

दुसरे उदाहरण रक्तातले. किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात ‘सिकलसेल’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ५७४ अमिनो आम्ले असतात. त्यातल्या एका प्रकारच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की हा आजार होतो. ही साखळी रेणूत दोनदा येते, म्हणजे ५७४ पैकी फक्त दोन जागा बिघडतात. पण ते व्हॅलिन पाण्यापासून पळते आणि शेजारच्या हिमोग्लोबिनवरच्या एका खाचेत जाऊन बसते. रेणूला रेणू जोडत लांबलचक दोरे होतात आणि तांबड्या पेशीला विळ्याचा आकार येतो. ही खाच कुठे आहे हे क्ष-किरण स्फटिकशास्त्रानेच दाखवले.

इथे एक सावधगिरीही हवी. हिमोग्लोबिनची रचना समोर ठेवून घडवलेले व्हॉक्सेलोटर हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने ते जगभरातून मागे घेतले. फायद्यापेक्षा धोका जास्त दिसतो, हे कारण कंपनीने दिले. रचना कळणे ही औषधाची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. नव्या संशोधनाच्या बातमीला ‘आता आजार कायमचा बरा’ असा मथळा देणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

अडते ते स्फटिकापाशी

एकट्या प्रथिन-रेणूवरून परतणारे क्ष-किरण इतके क्षीण असतात की ते मोजता येत नाहीत. म्हणून एकसारखे अब्जावधी रेणू शिस्तीत रचलेला स्फटिक लागतो. सगळे रेणू एकाच तोंडाने उभे असले की त्यांचे परतलेले किरण एकमेकांत मिसळून ठळक ठिपके उमटवतात. त्या ठिपक्यांच्या जागा आणि तीव्रता मोजून, बरेच गणित करून, रेणूतील अणूंच्या जागा काढतात.

खडीसाखर करताना पाक हळूहळू आटू देतात, धाग्याला खडे धरतात. तत्त्व तेच. पण साखरेचा रेणू लहान आणि टणक, तर प्रथिनाचा मोठा, लवचीक आणि लहरी. आधी प्रथिनाचे जनुक साध्या जिवाणूत घालून ते प्रथिन मिलिग्रॅमच्या मापात तयार करायचे, बाकी सगळ्यापासून ते वेगळे करायचे, मग क्षार, आम्लता, तापमान बदलत शेकडो बारीक थेंब लावून ठेवायचे आणि वाट पाहायची. कधी आठवड्यात स्फटिक येतो, कधी वर्ष जाते. बऱ्याचदा येतच नाही. आला तरी तो अनेकदा केसाच्या जाडीएवढा असतो आणि त्यात निम्मे पाणीच असते.

डोरोथी हॉजकिन यांनी इन्शुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण चित्र १९३५ मध्ये घेतले आणि रचना हाती आली १९६९ मध्ये. तब्बल ३४ वर्षांनी! त्या शेवटच्या टप्प्यातल्या ऑक्सफर्डच्या चमूत एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञ होते. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांच्या गटाने शेंगदाण्यातील लेक्टिन या प्रथिनाची रचना सोडवली आणि ती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात प्रथिन-स्फटिकशास्त्र रुजले त्यात या शेंगदाण्याचा वाटा मोठा आहे.

इंदूरच्या २१ क्रमांकाच्या बीमलाइनवर काय चालते?

‘इंडस-२’वरची प्रथिन स्फटिकशास्त्राची बीमलाइन म्हणजे बीएल-२१. ती मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली. तिची सविस्तर माहिती देणारा शोधनिबंध सिंक्रोट्रॉन क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय नियतकालिकात २०१६ मध्ये आला. कड्यातून येणारा झोत सिलिकॉनच्या दोन स्फटिकांवरून परावर्तित करून त्यातली एकच तरंगलांबी निवडली जाते. निवडीचा पल्ला ५ ते २० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट. या पल्ल्याला महत्त्व आहे. प्रथिनात सल्फरच्या जागी सेलेनियम बसवले आणि झोत सुमारे १२,६६० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास फिरवला की सेलेनियमचे अणू आपली जागा स्वतःहून सांगतात, आणि अगदी अनोळखी प्रथिनाचे कोडेही सुटू शकते. ठरावीक तरंगलांबीच देणाऱ्या प्रयोगशाळेतील क्ष-किरण नळीवर ही सोय मिळत नाही.

स्फटिक एका सूक्ष्म फासात उचलून झोतासमोर ठेवतात. त्यावर उणे १७३ अंश सेल्सिअसचा थंड नायट्रोजनचा झोत सतत सुटलेला असतो, कारण एवढ्या प्रखर क्ष-किरणांत उघडा स्फटिक लगेच नासतो. स्फटिक अंशाअंशाने फिरवत शेकडो चित्रे घेतली जातात. त्या वेळी खोलीत कुणी नसते. शिशाचे कवच असलेले दार बंद झाल्याशिवाय झोत आत सोडताच येत नाही, तशी कुलूपबंद व्यवस्था असते. संशोधक बाहेर संगणकापाशी बसून ठिपके पाहतात. यंत्र चोवीस तास चालते, त्यामुळे वाट्याला आलेली वेळ मध्यरात्रीची असू शकते.

मग इंडस-२ कुठे कमी पडते?

पहिली मर्यादा घडणीतच आहे. बूस्टर यंत्र इलेक्ट्रॉनांना ५५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेऊन मोठ्या कड्यात सोडते आणि तिथून अडीच अब्जापर्यंतचा चढ कड्यालाच चढावा लागतो. कड्यातले इलेक्ट्रॉन हळूहळू कमी होत जातात. पुन्हा भरायचे तर उरलेला झोत टाकून द्यायचा, चुंबक खालच्या पातळीवर आणायचे, नव्याने भरायचे आणि परत चढ चढायचा. तोवर सगळ्या बीमलाइन थांबलेल्या. नव्या यंत्रांत कमी झालेले इलेक्ट्रॉन चालू कामातच वरून टाकले जातात, चुलीवरच्या आधणात पाणी वाढवावे तसे. झोत कधी मंदावत नाही.

दुसरी मर्यादा झोताच्या बारीकपणाची. इलेक्ट्रॉनांचा पुंजका किती विस्कटलेला आहे, याच्या मापात इंडस-२चा आकडा ५८ आहे. ब्राझीलच्या ‘सिरियस’चा पाव. म्हणजे दोनशे पटींहून अधिक फरक! स्फटिक मोठा आणि चांगला असेल तर इंदूरला काम होते. पण आजचे अवघड प्रश्न, म्हणजे पेशीच्या पडद्यातली प्रथिने किंवा मोठे प्रथिन-संच, बहुधा बारीक आणि कच्चे स्फटिक देतात. त्यांना सुईसारखा झोत लागतो.

म्हणून भारतीय संशोधक बाहेर जातात. फ्रान्समधील ग्रेनोबलच्या ८४४ मीटर परिघाच्या युरोपीय सिंक्रोट्रॉनशी भारत २०१७ मध्ये ०.६६ टक्के वाट्याने जोडला गेला. इटलीतील त्रिएस्तच्या ‘एलेत्रा’वर प्रथिनांसाठीची एक बीमलाइन भारत-इटली भागीदारीतून उभी आहे. ग्रेनोबलला यंत्रमानव स्फटिक उचलतो, आणि संशोधक हजारो किलोमीटरवरून पडद्यावर आपली मोजणी पाहू शकतो.

परदेशी वाटा स्वस्त पडतो, हा युक्तिवाद दिल्लीत अनेकदा ऐकू येतो आणि हिशेबाच्या वहीत तो खराही ठरतो. पण २०२० आठवून पाहावे. जानेवारीत करोना विषाणूचा जनुकीय आराखडा जाहीर झाला. ५ फेब्रुवारीला त्याच्या मुख्य प्रोटिएजची रचना सार्वजनिक डेटा बँकेत सर्वांसाठी खुली झाली होती. ती शांघायच्या संशोधकांनी शांघायच्याच सिंक्रोट्रॉनवर काढली होती. पुढे पॅक्सलोविड या औषधाने नेम धरला तो याच प्रोटिएजवर. शांघायचे यंत्र संशोधकांसाठी खुले झाले २००९ मध्ये, इंडस-२ नंतर. ब्राझीलने तर जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, नव्या कोऱ्या सिरियसवरचे पहिले प्रयोग करोनाच्या प्रथिनांवर केले. विमाने जमिनीवर असताना ०.६६ टक्क्यांचा वाटा किती कामाचा, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

आरआरकॅटच्या शास्त्रज्ञांनी सहा अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या नव्या, अतिप्रखर सिंक्रोट्रॉनची कल्पना मांडलेली आहे. असे यंत्र बांधायला दशक लागते. चीनने बीजिंगजवळ याच ऊर्जेचे, १,३६० मीटर परिघाचे यंत्र उभे केले आहे. भारताने हा निर्णय आणखी लांबवू नये. लायगोला मंजुरी मिळू शकते तर अधिक लोकांच्या अधिक रोजच्या कामाच्या या यंत्रालाही मिळायला हरकत नाही.

आता संगणकच रचना सांगतो, मग यंत्र कशाला?

२०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल अर्धे डेव्हिड बेकर यांना आणि अर्धे ‘अल्फाफोल्ड’ बनवणाऱ्या डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना मिळाले. या प्रणालीने २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज खुले केले आहेत. ते मोबाइलवरही पाहता येतात. त्यामुळे प्रश्न रास्त आहे.

पण अल्फाफोल्ड शिकले कशावर? १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनी सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये दोन लाखांचा टप्पा ओलांडलेल्या प्रोटीन डेटा बँकेवर. त्यातल्या पाचपैकी चार रचना क्ष-किरण स्फटिकशास्त्राच्या आहेत. शिवाय औषधाचा नवा रेणू खाचेत नेमका कसा बसतो, एका जागी झालेल्या बदलाने कुलूप किती हलते, तिथे अंदाज अजूनही चुकतात. अंदाजामुळे पहिले काही महिने वाचतात. पडताळा मात्र झोतासमोरच होतो.

नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यापुढचा रस्ता

बीएल-२१ वर वेळ हवी तर प्रस्ताव पाठवावा लागतो, त्याची छाननी होते आणि मग तारखा मिळतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा मार्ग खुला आहे. खरी गाठ त्याच्या आधीची आहे. प्रथिन शुद्ध करायची यंत्रणा, थंड खोली, थेंब लावायच्या पट्ट्या, चांगला सूक्ष्मदर्शक आणि वर्षभर न कंटाळता स्फटिकाची वाट पाहू देणारा मार्गदर्शक. सिंक्रोट्रॉनच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ, नांदेडचे विद्यापीठ आणि इथली वैद्यकीय महाविद्यालये मिळून एक सामाईक प्रथिन-स्फटिक प्रयोगशाळा चालवू शकतात. कापूस एकाकडे, रक्ताचे नमुने दुसऱ्याकडे, जैवतंत्रज्ञान तिसऱ्याकडे आहेच. बोंडअळीचे कॅडहेरिन ग्रेनोबलच्या किंवा शांघायच्या प्राधान्यक्रमात कधीच वर येणार नाही. ते इथूनच न्यावे लागेल.

‘लातूर पॅटर्न’ने डॉक्टर आणि अभियंते घडवले. प्रवेश परीक्षेत प्रथिनाच्या रचनेवर चार गुणांचा प्रश्न येतो, म्हणून हजारो मुले दरवर्षी तो धडा पाठ करतात. त्यातली किती मुले पुढे प्रथिनाचा एखादा थेंब लावून बघतात, हे शिकवणी वर्गांच्या फलकावर लिहिलेले नसते.

स्फटिक इंदूरला न्यायचे कसे, ही अडचण वाटते त्यापेक्षा सोपी आहे. तो फासातच गोठवून द्रव नायट्रोजनच्या भांड्यात ठेवतात. अशी भांडी मराठवाड्यात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतून वर्षानुवर्षे वापरात आहेत. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच येतात. प्रवासासाठी या भांड्याचा एक प्रकार मिळतो, ज्यात नायट्रोजन आतल्या सच्छिद्र थरात मुरवलेला असतो आणि भांडे कलंडले तरी सांडत नाही. त्यात स्फटिक कित्येक दिवस टिकतात. मुदखेडची फुलेसुद्धा एवढा दम धरत नाहीत.

मीटरगेजच्या काळात मुदखेड जंक्शनवरून निघालेली गाडी पूर्णा, अकोला, खंडवा करत इंदूरमार्गे थेट राजस्थानकडे जायची. रुंदीकरणासाठी ती वाट बंद झाली. अकोला ते अकोट या टप्प्यावर २०२२ मध्ये पुन्हा गाडी धावू लागली. अकोटच्या पुढे मेळघाट टाळून जाणाऱ्या नव्या मार्गाचे काम व्हायचे आहे. तोवर नायट्रोजनचे भांडे घेऊन निघालेल्याला भुसावळचा वळसा आहेच.